बॅटरी अर्धीच भरली

फुलंब्रीच्या पुढं एका मोकळ्या रानात सांडूच्या मेंढरांचा तळ पडला होता. ताडपत्रीनं झाकलेली ट्रॉली हेच नवराबायकोचं घर. त्यात वच्छलाच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन आणि मशीनला दोन बॅटऱ्या. रानात वीज कुठली? रोज दुपारी सांडू जनरेटर लावून बॅटऱ्या भरायचा, तेव्हा कुठं तिला रात्रभर श्वास मिळायचा.

मुलगा भारत बजाजनगरला एका खोलीत राहायचा, कंपनीत कामाला. त्यानं बजावलं होतं, "आबा, मशीन एकदा जरी बंद पडलं, तर मायला मी घेऊन जाणार." वच्छलाला ती खोली नको होती. जन्म मेंढरांमागं गेलेली बाई, चार भिंतींत तिचा जीव रमायचा नाही. आणि ती गेली तर सांडूचं काय? बायकोला विचारल्याशिवाय मिशीला पीळही न देणारा माणूस तो!

त्या दुपारी एक मेंढी व्याली. मेंढी व्याली की तळावर कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही; बुजली तर ती पिलाला जवळ घेत नाही. आणि इथं जनरेटर भडभडत होता. मेंढी कोकराला सोडून लांब लांब पळत होती.

"अवं, बंद करा ते. लेकरू उपाशी मरंल."

"चार्जरचा दिवा अजून लालच हाय."

"असू द्या. रातीपुरतं लई झालं."

सांडूनं बंद केलं. मेंढी शांत झाली, कोकरू ढुसण्या देत पिऊ लागलं. दोघं ते कौतुक बघत बसले. जनरेटर पुन्हा लावायचं दोघांच्याही जिवावर आलं.

पहाटे मशीन टीं टीं करून थांबलं. सांडू धडपडत उठला, तोवर वच्छलाचे ओठ निळे पडले होते. त्यानं जनरेटरची दोरी पुन्हा पुन्हा ओढली. कसाबसा तो सुरू झाला. मेंढरं उधळली, त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

उजाडल्यावर तिला बोलता आलं. "भारतला सांगू नका," ती म्हणाली. "कुणी बघितलंय?"

खरंच कुणी बघितलं नव्हतं. पण तिचे ते ओठ सांडूच्या डोळ्यांसमोरून हलेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं नाही. बांधावर जाऊन फोन लावला आणि ढसाढसा रडला.

दुपारी भारत गाडी घेऊन आला. सांडूनं मशीन उचलून मागं ठेवलं, तिच्या पायांवर गोधडी नीट केली.

"येतो की मी आठ दिसांनी," तो म्हणाला.

वच्छलानं त्याच्याकडं बघितलंच नाही. "मी तुमचं काय वाईट केलं व्हतं?" एवढंच विचारलं आणि दार ओढून घेतलं.