काम होण्याआधी भरलेली तळी

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास पार खिळखिळा झाला होता. बारावी सायन्सला मी कशीबशी काठावर पास झाले होते आणि फिजिक्सनं तर माझी अब्रूच घालवली होती. परभणीच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजला अर्ज केला, तर तिथं चाचणी द्यावी लागली. तिच्यातही मी दिवे लावले. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. प्रतीक्षा यादी लागली तेव्हा मी माझं नाव वरून शोधायला लागले आणि ते अगदी तळाशी सापडलं. रोज सकाळी खंडोबाला हळद वाहणारी मी, त्या दिवशी घरी येऊन देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायला बसले.

हे कॉलेज मला हवं होतं त्याला कारण होतं. राणीसावरगावच्या अलीकडे, माळावर आमचं मेंढपाळाचं घर. आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडत आणि शाळेसाठी मी गंगाखेडला आत्याकडे राहत असे. एका पावसाळ्यात कळपात रोग शिरला. तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत निम्मी मेंढरं आमच्या डोळ्यांदेखत गेली. आबा नुसते कळपाच्या मधोमध बसून राहिले. तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, हे सगळं खूळ वाटायचं. त्यांनी बोरीकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. आबांनी त्यांची समजूत घातली होती, "परभणीचं न्हाई जमलं, तर मग तुमी म्हणसाल तसं." म्हणजे त्या कॉलेजात नंबर लागला तर शिक्षण, नाही तर लग्न. मधली वाट नव्हती.

आबांनी मात्र देव सोडला नव्हता. त्यांनी घरच्या खंडोबापुढं उभं राहून सांगितलं होतं, "कालेजच्या दारात तुझी तळी भरीन." आमच्याकडे ताटात भंडारा, नारळ, पानसुपारी ठेवतात, पाच जण ताटाला हात लावून ते उचलतात आणि देवाच्या नावाचा गजर करतात. तिला तळी भरणं म्हणतात. नंबर लागल्यावर ती भरायची, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

प्रतीक्षा यादीच्या शेवटच्या दिवसासाठी आबा, तात्या आणि मी असे तिघं परभणीला आलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, कधी बंद पुकारला जाईल आणि एसटी थांबेल याचा नेम नसे, म्हणून आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत टेकलो होतो. आबांच्या काखेत पितळी ताट आणि घोंगडी. त्या आवारात चकचकीत बूट घातलेले बाप आणि फायली कवटाळलेली मुलं पाहून मला आबांपासून चार पावलं लांब उभं राहावंसं वाटत होतं.

ऑफिसातल्या कारकुनांनी व्हरांड्यात येऊन नियम सांगितला. आज ऑफिस बंद होईपर्यंत जागा रिकामी झाली, तर यादीतली नावं क्रमानं पुकारली जातील, आणि जो हजर असेल त्यालाच ती मिळेल. एकच जागा रिकामी निघाली. पहिल्या दोन नावांना कुणी ओ दिली नाही, तिसऱ्या नावाच्या मुलानं हात वर केला आणि विषय संपला. त्याच्या आईनं त्याला तिथंच कुरवाळलं. आणखी जागा निघायची चिन्हं नव्हती, तेव्हा बाकीचे हळूहळू पांगले. मी खांबाला टेकून ढसाढसा रडले. तात्या हळूच म्हणाले, "चला आता, गाडी धरू." त्यांच्या आवाजात समाधान होतं असं मी म्हणणार नाही, पण दुःखही नव्हतं.

आबांनी मात्र दारासमोर घोंगडी अंथरली आणि फडकं सोडून ताट काढलं.

मला संतापच आला. "आबा, हे काय करायलाव? नंबर लागला न्हाई आपला!"

"लागला न्हाई, ते कळलं की मला," आबा नारळाची शेंडी नीट करत म्हणाले. "पर मी देवाला नंबर लागला तर म्हणलो नव्हतो. दारात तळी भरीन म्हणलो. दार हेच हाय ना?"

जाणारीयेणारी मुलं हसत होती. कुणाला वाटलं, हा म्हातारा कॉलेजवर करणी करायलाय. आबांना त्याचं काही नव्हतं, त्यांना पाच माणसांची पडली होती. ते दोघे भाऊ होतेच. तिसरी म्हणून त्यांनी मला बोलावलं. तात्या म्हणाले, "बाईमाणूस तळीला?" आबा म्हणाले, "शिकायला तीच आलती, मग हात बी तिचाच लागू दे." दारावरचे वॉचमन चाचा मघापासून बघत होते. आबांनी नुसती मान हलवली, तर ते "हौ, आया" म्हणत चपला काढून घोंगडीवर आले. एक माणूस कमी पडत होता.

इतक्यात वसतिगृहाकडून पत्र्याची पेटी घेऊन एक तरुण लगबगीनं निघालेला दिसला. आबांनी त्याला वाटेतच अडवलं. "लेकरा, येवढा हात लाव. लय येळ न्हाई लागायचा." तो बिचारा गाडी चुकेल म्हणत होता, तरी पेटी ठेवून आला. पाच हात ताटाला लागले, ताट वर गेलं, आबांनी आरोळी दिली, "सदानंदाचा येळकोट!" मी रडत रडतच "येळकोट, येळकोट" म्हटलं. आणि काय सांगू, त्या एका क्षणात माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. नंबर गेला होता तो गेलाच होता, पण मी देवाशी धरलेला अबोला सुटला होता.

आबांनी सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला, नारळ फोडला आणि त्या तरुणाला विचारलं, "कुठं निघालास, बाबा?"

"मेडिकलला नंबर लागला. घरचे मिरवणूकच काढायचे बाकी आहेत," तो हसून म्हणाला. "इथं आधी प्रवेश घेतला होता."

"आरं वा! मग हितली तुझी जागा?"

"राहील तशीच. पत्र टाकीन सावकाश."

"तशीच म्हंजे? रिकामी?" आबांनी साधेपणानं विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. तरुणानं पेटी उचलली. आबांनी त्याच्या हातावर खोबरं ठेवलं, पाठीवरून हात फिरवला. "नीट जा. लय मोठा डाक्टर हो."

तो फाटकापर्यंत गेला. पेटी खाली ठेवली. कपाळाला बोट लावून ते पिवळं बोट बघत उभा राहिला आणि परत फिरला. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "तुझं नाव यादीत आहे ना? चल लवकर, ऑफिस बंद होईल."

त्यानं तिथंच उभं राहून प्रवेश रद्द केल्याचा अर्ज खरडला. कारकून कुरकुरले, प्राचार्यांकडे गेले, परत आले आणि नियम म्हणजे नियम म्हणून व्हरांड्यात येऊन यादी पुकारायला लागले. रिकाम्या व्हरांड्यात एकेक नाव घुमत होतं. कुणीच ओ देत नव्हतं, सगळे केव्हाच गाडीला गेले होते. शेवटी माझं नाव आलं. मी "हजर!" अशी ओरडले की वॉचमन चाचांनी टाळ्याच पिटल्या. तात्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून तोंड पुसलं आणि मला पोटाशी धरलं. बोरीचं स्थळ त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

तो तरुण कोण, कुठला, मला आजवर कळलेलं नाही. पुढं मी डॉक्टर झाले, माळामाळानं हिंडले, हजारो मेंढरांना सुया टोचल्या. काही जगली, काही हातातून गेली. तो तरुण देवानं धाडला की आपल्या पायानं आला, याचा निवाडा मी करत नाही. तेवढी माझी अक्कल नाही, आणि गरजही वाटत नाही.

त्या दिवशी फाटकाबाहेर आल्यावर मी आबांचा हात ओढत म्हटलं, "आबा, पुन्हा ताट काढा! आता तर देवाचे आभार मानायलाच पायजेत."

आबा ताट फडक्यात बांधत होते. त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"मग मघाशी काय मानले, बाई?"