समुद्राची जिवाणी

आधीच सांगते, असले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तर देऊन टाकते. दार आपोआप उघडलं — बिजागरी ढिली असेल. कुत्रं रडलं — रडतातच कुत्री. मी सांगलीत पाणी तपासणीच्या एका खासगी लॅबमध्ये काम करते. ‘विहिरीत बाई पडली, तेव्हापासून पाणी कडू झालंय’ म्हणत बाटली घेऊन येणाऱ्यांना मी शांतपणे क्षारांचा रिपोर्ट देते. तरी आज लिहायला बसलेय, कारण हा एक रिपोर्ट मला देता येत नाहीये…

माझं माहेर वारणाकाठचं, समडोळीचं. आम्ही जैन, शेतकरी. जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गाळून झाल्यावर पुढं काय, ते ठाऊक नसतं. फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते फडकं गाळलेल्या पाण्यानं एका भांड्यात धुवायचं आणि ते धुवण, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं असेल त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही, जिवांना मार लागतो. त्यासाठी आईकडं बुडालाही कडी असलेला छोटा पितळी लोटा होता. दोरीनं खाली सोडला की पाण्याला टेकेपर्यंत सरळ राहायचा आणि टेकल्यावर अलगद कलंडायचा. “ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात,” एवढाच आईचा कायदा. चुकून एका विहिरीची जिवाणी दुसरीत गेली, तर त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

आईनं समुद्र कधी पाहिला नाही. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहायचं — कधी चातुर्मास, कधी गुडघे, कधी पाहुणे. पण समुद्राचा विषय निघाला की तिचा प्रश्न ठरलेला असायचा. “एवढं पाणी गाळायचं म्हटलं तर फडकं केवढं लागंल गं?” आणि मग स्वतःच हसत सुटायची.

ती जाऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात ती सगळ्यांच्या स्वप्नात येऊन गेली. वहिनीच्या स्वप्नात येऊन लोणच्याची बरणी झाकली का म्हणून विचारून गेली. शेजारच्या काकूंच्या स्वप्नात गेली. दूधवाल्याच्यासुद्धा गेली. माझ्या एकदाही नाही. स्वप्नाबिप्नात मी काही अर्थ मानत नाही, तरी रोज झोपताना तिची वाट बघायचे आणि सकाळी उठून हिरमुसायचे. बिचाऱ्या दूधवाल्याचा मला इतका राग यायचा की काही महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही.

माझी मुलगी प्राची नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती. जाण्याआधी तिला तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स करायचा होता, सर्टिफिकेटसकट. पाण्याखाली जोडीदार लागतो म्हणे. “अनोळखी माणसापेक्षा तूच चल, मम्मी.” लेक जाणार म्हटल्यावर तिनं चंद्रावर चल म्हटलं असतं तरी मी बॅग भरली असती. पोहायला मी वारणेत शिकले होते, तेवढ्या भांडवलावर पन्नाशी उलटल्यावर हो म्हणाले. दिवाळीनंतर फोंडा घाट उतरून दोघी पोचलो.

शिकवणारा रोहन तिथलाच, मालवणी. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, खाली कशाक हात लावूचो नाय. पाय आपटूचे नाय. ह्यां त्यांचा घर आसा.” मी प्राचीकडं पाहिलं. हे तर आज्जीचंच चाललंय, असं तिच्याही तोंडावर होतं.

पूलमधले धडे बरे झाले. अडलं ते समुद्रात. तळाशी गुडघे टेकून बसायचं, मास्क काढायचा, थोडा वेळ नुसत्या तोंडातल्या नळीनं श्वास घ्यायचा, मग मास्क परत घालून नाकानं फुंकून आतलं पाणी बाहेर काढायचं. हे आल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. माझं काय व्हायचं — ओठाच्या कडेनं थेंबभर खारं पाणी आत यायचं आणि मी थुंकायचे. न गाळलेलं पाणी तोंडात गेलं की आधी थुंकायचं, हे आईनं आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवलं होतं. इथं पाण्याबरोबर नळीही थुंकली जायची. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा रोहननं नळी परत तोंडात कोंबून मला वर आणलं.

“नळी थुकणारी बाई मी पयल्यांदाच बघतंय,” तो म्हणाला. प्राची हसून हसून होडीत आडवी झाली. मीही हसले.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसले तेव्हा मात्र रडू आलं. सर्टिफिकेटसाठी नाही. ही नळीची गोष्ट आईला सांगितली असती तर पोट धरून हसली असती, आणि सांगायला ती नव्हती. पुढच्या महिन्यापासून प्राचीही नसणार होती. प्राचीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सहज म्हणाली, “आज्जी असती तर म्हणाली असती, समुद्रात जाताना फडकं घेऊन जा.” हे मुद्दाम नोंदवतेय. म्हणजे उद्या कुणी म्हणेल की हेच डोक्यात बसलं होतं, तर ते मलाही मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची संधी. ऊन छान होतं, पाणी हिरवट पण स्वच्छ. समोर रोहन, बाजूला कॅमेरा धरून प्राची. मी डोळे मिटले आणि मास्क काढला. ओठाच्या कडेनं खारट थेंब आत आला. आता थुंकणार…

आणि माझ्या तोंडावर कापड आलं.

सुती. दुपदरी. धुऊन धुऊन मऊ झालेलं, जुन्या लुगड्याचं. पाण्यात वाहत आलेलं कापड फडफडतं, हे तसं नव्हतं. कुणीतरी ते माझ्या नाकातोंडावर ताणून बसवत होतं. मग अंगठा. घागरीच्या तोंडाला फडकं बांधताना आई कड दाबत अंगठा गोल फिरवायची, तसा तो माझ्या हनुवटीखालून कानापर्यंत फिरला. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख विळा लागून मधोमध चिरलेलं होतं, ते पुन्हा कधी धड आलंच नाही. लहानपणी ती तोंड पुसायची तेव्हा ते कानाच्या पाळीखाली खरखरायचं. ते खरखरलं. त्याच जागी.

मी थुंकले नाही. श्वास घेतला, सोडला. तोंडातला थेंब — मला ठाऊक आहे हे कसं वाटेल — गोडा लागला. आमच्या विहिरीच्या पाण्यासारखा.

डोळे उघडावेसे फार वाटत होते. खारं पाणी झोंबलं असतं तरी चाललं असतं. पण उघडले आणि समोर कुणी नसलं तर… म्हणून मिटूनच राहिले. मनात म्हटलं, आई, घाई नाही गं, बांध सावकाश. मग रोहननं खांद्याला हात लावला आणि कापड गेलं. मी मास्क घातला, फुंकलं, पाणी काढलं. पास झाले.

होडीत चढल्यावर रोहन मला न्याहाळत म्हणाला, “मॅडम, आज तुमचे बुडबुडे येगळेच. नायतर मोठे मोठे येतत. आज चाळणीतसून इल्यासारखे, बारीक बारीक.” मी त्याला फडक्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. प्राचीच्या व्हिडिओत बुडबुडे खरंच पिठासारखे बारीक आहेत. कापड मात्र नाही. माझा चेहरा उघडा दिसतो, आणि मध्येच हनुवटी थोडी वर होते, तोंड पुसून घेणाऱ्या पोरासारखी.

परतीच्या वाटेवर मी स्वतःला समजावलं. घाबरलेला मेंदू ओळखीचं काहीतरी शोधतो. आईनंही हेच सांगितलं असतं, कारण भुतंखेतं तिलाच मान्य नव्हती. “जीव गेला की दुसरा देह धरतो, मागं वळून बगत न्हाई,” म्हणायची. म्हणजे तिच्याच हिशेबानं ती येऊ शकत नाही.

सांगलीच्या आधी काजू द्यायला समडोळीला थांबलो. वहिनीला तारकर्लीचं अजून काहीच सांगितलं नव्हतं. तिनंच खुंटीवरचा आईचा लोटा काढून आणला. नळ आल्यापासून विहीर बंद आहे, लोटा नुसता टांगलेला असतो.

“आवं वन्सं, तुमी पाण्यातल्या जाणत्या. ह्ये बगा काय झालंय.”

आत, बुडाशी, पांढरा थर होता.

“बोअरच्या पाण्याचा क्षार हाय त्यो,” दादा म्हणाला. “आपल्याकडं सगळ्याच भांड्यास्नी बसतोय.”

बरोबरच आहे, मीही लोकांना हेच सांगते. पण वहिनी म्हणाली, “आवं, पण पाणी कुणी घातलंय त्यात? दिवाळीला घासूनपुसून टांगलाय मी. कालपरवापतुर लख्ख हुता की.”

मी बोटाचं टोक थराला टेकवून जिभेला लावलं. खारट. बोअरचा क्षार इतका खारट नसतो… सहसा.

तपासून सांगते म्हणून लोटा मी सांगलीला घेऊन आले. लॅबमध्ये हे फार कठीण काम नाही. समुद्राचं मीठ की बोअरचा क्षार, सांगता येईल. पण थर चिमूटभरसुद्धा नाही. तपासायचा तर सगळाच विरघळवावा लागेल, आणि मग हातात फक्त उत्तर उरेल. प्राची फोनवर म्हणते, “मम्मी, एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाक.” मला सोक्षमोक्ष नको आहे. त्यामुळं माझ्याकडं या सगळ्याचं स्पष्टीकरण नाही आणि बहुतेक कधी नसेल.

आईच्या कायद्यानं त्या थराची जागा ठरलेली आहे. ज्या पाण्यातलं, त्याच पाण्यात. माझ्याकडं सर्टिफिकेट आहे, लोटा आहे, तारकर्ली काही लांब नाही. तरी सुट्ट्या येतात आणि जातात. लोटा माझ्या कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये उभा ठेवलाय, कलंडू नये म्हणून. पाण्याच्या बाबतीत आईचा एकही नियम मी आजवर मोडला नव्हता, हा एक मोडतेय. जिवाणी अडवून ठेवलेली तिला अजिबात खपायची नाही. स्वप्नात ती अजूनही आलेली नाही… निदान रागवायला तरी येईल.