उजव्या हाताचं बोट

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईला सांगितलं नाही, ती गेली. देवीसमोर इतकी वर्षं बसते, तिथंही मनातल्या मनात वाक्य पूर्ण केलेलं नाही — अर्ध्यावर आलं की पेटीचा भाता जोरात मारते आणि पुढचं भजन सुरू करते. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि मी कंटाळलेय. खरंच कंटाळलेय.

आधी सोपा भाग सांगते. मी ख्रिस्ती घरात वाढले. भिवंडीत, नारपोलीला, एका पॉवरलूम कारखान्यामागच्या चाळीत. वडील त्याच कारखान्यात जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. रविवारी उपासना, त्याआधी आम्हा मुलांची संडे स्कूल, नाताळात करंज्याही आणि केकही. घरात कुणी धाक घातला नाही. चर्चच्या मंडळीत कुणी वाईट वागवलं नाही. आमचे पाळकसाहेब तर इतके मवाळ, की आम्ही मुलं प्रार्थनेत खिदळलो तरी तेच ओशाळायचे. म्हणजे माझी तक्रार काय? काहीही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकरा वर्षांपूर्वी आईचे गुडघे आखडले. कुणीतरी सुचवलं, वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसवा. मग दर पंधरवड्याला मी तिला एसटीनं न्यायला लागले. देवळाजवळच्या पाण्याचं तिला वावडं नव्हतं. पाणी देवानंच तापवलंय, असं म्हणायची आणि साडी वर खोचून बसायची. ती बसली की मला तासभर काम नसायचं. एकदा अशीच पायऱ्या चढून देवळात गेले. माझ्या पुढे एक आदिवासी जोडपं होतं. त्यांनी टोपलीतली एक काकडी देवीपुढे ठेवली, थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. मी कोपऱ्यात बसले. लहानपणापासून मी देवापुढे काहीतरी पाठ म्हणून दाखवत आले होते — त्या दिवशी काहीच म्हणायचं नव्हतं. आणि मला रडू आलं. का? तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. दिवसभराच्या ड्युटीनंतर घरी येऊन चपला काढाव्यात, तसं वाटलं. एवढंच. मग मी जात राहिले.

एवढंच कारण. पण हे कारण कुणाला पुरत नाही, आणि त्याचा मला अजून संताप येतो!

आमच्या गल्लीत देवीचं छोटं देऊळ आहे. मंगळवारी बायकांचं भजन असतं. त्यांची पेटीवाली लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली, मला पेटी येते हे माहीत होतं, म्हणून मला बसवलं. मीही मनापासून बसले. पण भजन संपून चहा आला की ठरलेला प्रश्न यायचा — तिकडे काय झालं? लग्न होऊन आले असते तर कुणी विचारलं नसतं. नवस फेडायला आले असते तरी चाललं असतं. पण लग्न नाही, नवस नाही, नुसतीच ओढ? म्हात्रेकाकू मंडळाच्या प्रमुख, भजनाचा ताल त्यांच्या हातात आणि आम्ही सगळ्याही त्यांच्याच हातात. त्या मान हलवायच्या. "असा कसा? कायतरी झालाच असंल. उगीच कोन आपला घर सोडून येतो, बाय?"

आणि तिकडे मंडळीतली माणसं विचारायची, आमचं काय चुकलं? दोन्हीकडे एक गुन्हेगार हवा होता. नसलेला कुठून आणू? — थांबा. हे मी माझी बाजू मांडल्यासारखं बोलतेय का? तसं ऐकू येत असेल तर सोडून द्या ते.

बोटाकडे येते.

माझ्या उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरात वाकडं आहे. नऊ वर्षांची असताना वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते. मागाच्या फिरत्या पट्ट्याला हात लावायचा नाही, हे शंभरदा बजावलेलं. लावला. वडील पलीकडच्या टोकाला होते, त्या खडखडाटात त्यांना माझं ओरडणं ऐकूही गेलं नाही. धावत आल्या त्या सरोजबाई.

सरोजबाई कारखान्यासमोरच्या खोलीत एकट्या राहायच्या. रविवारी आमची संडे स्कूल त्याच घ्यायच्या, आणि इतर दिवशी गल्लीतल्या पोरांची शिकवणी — तेलुगू घरांतली, मुसलमान घरांतली, आगऱ्यांची, सगळी पोरं एकाच सतरंजीवर. त्यांनी माझा हात पदरात गुंडाळला आणि मला उचलून दवाखान्यात नेलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोट वळेना. मग रोज संध्याकाळी आपल्या पेटीसमोर बसवून त्या मला त्याच एका बोटानं एकच सूर दाबायला लावायच्या. मी रडायचे. त्या म्हणायच्या, "रड, पण दाब." वर्षभर हे चाललं. देवळात माझं कौतुक होतं ते अशा शिकलेल्या पेटीचं.

आता तुम्हाला कळलं असेल मी कुठे चाललेय. मला पुढे जायचं नाहीये. जाते.

नवरात्र होतं. वडील वारले होते, आई अंथरुणाला खिळली होती, आणि तो अपघात पाहिलेले कामगार केव्हाच पांगले होते. म्हात्रेकाकू हातावर प्रसाद ठेवत होत्या. त्यांनी माझा हात धरून ठेवला. "ह्या बोटाला काय झाला?" आणि लगेच मागून दुसरी कुणीतरी — आणि तू तिकडून का आलीस, ते सांगणारेस की नाही? दोन प्रश्न एकदमच आले. मी दोघींना एकच उत्तर दिलं. लहानपणी पेटीवर आरतीची चाल वाजवली, म्हणून सरोजबाईंनी लाकडी पट्टीनं मारलं, बोट मोडलं, असं सांगितलं.

तोंडातून निसटलं, असं म्हणणार होते. तेही खोटं आहे. "एक बाई होत्या" एवढ्यावर भागलं असतं. पण नाव घेतल्याशिवाय त्यांना पटणार नाही, हे मला त्या क्षणी कळत होतं. मी विचार करून नाव घेतलं.

काकूंनी ताटातली हळद घेऊन माझ्या बोटाला चोळली. कुणी डोळे पुसले, कुणी मला जवळ घेतलं. आणि मला — लपवून काय करू — मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

महिनाभरात सरोजबाईंच्या सतरंजीवर निम्मी पोरं उरली. धर्माचं सोडा, पोरांची हाडं मोडणाऱ्या बाईकडे कोण पोर पाठवेल? समोरच्या नसरीनभाभीनं मला जिन्यात गाठलं. "सच में उंगली तोड़ दी थी? मेरा छोटा उन्हीं के पास जाता है।" नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी मान खाली घातली आणि जिना उतरले. तिनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

वर्षभरात शिकवणी बंद पडली. बाई राहनाळला भाच्याकडे राहायला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात आल्या, मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर पेटी. भाच्याकडे जागा नाही, तू वाजवतेस, तूच ठेव, असं म्हणाल्या. गल्लीत प्रत्येकाला ठाऊक झालेली गोष्ट त्यांच्या कानावर गेली नसेल? त्यांनी माझं बोट आपल्या हातात घेतलं, पेर दाबून पाहिलं. "थंडीत अजून दुखतं का गं?"

मी म्हटलं, नाही. आणि हमालाला पेटी आत ठेवायला सांगितली. ती देवळात नेली, कुणी विचारलं तेव्हा सांगितलं, पेटी जुन्या बाजारातून घेतली.

मला चीड कशाची येते सांगू? देवी मला खरीच भेटली होती. तिच्यासाठी मला काही रचून सांगायची गरजच नव्हती. इथं बरं वाटतं, हे एकच वाक्य मी धरून बसले असते, तर दोन वर्षांत विचारणारे थकले असते. मीच आधी थकले.

मागच्या वर्षी एकदा प्रयत्न केला. मी राहनाळला गोडाऊनमध्ये कामाला आहे, माल पाठवायच्या खात्यात. शिफ्टला जाताना शेअर रिक्षा बाईंच्या घरावरून जाते. त्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या दिसल्या, मांडीवर रिकामे हात. त्या मंगळवारी मी म्हात्रेकाकूंना बाजूला घेऊन म्हटलं, "काकू, सरोजबाईंनी मला मारलं नव्हतं."

काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले. "किती मोठा मन तुझा! अजून तिचीच बाजू घेतेस?" आणि सगळ्यांना हाक मारून तेच सांगितलं. पट्ट्यात बोट अडकलं होतं, हे पुढचं वाक्य माझ्या ओठावर होतं. बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी हसले. तेही कौतुक मी घेतलं.

बाई अजून आहेत. दारातल्या त्या खुर्चीवर रोज असतात. मी रिक्षात पलीकडच्या बाजूला बसते.

काल मंगळवार होता. एक नवी मुलगी भजनाला आली होती. काकूंनी माझा हात धरून तिला बोट दाखवलं आणि सगळी गोष्ट सांगितली, आरतीची चाल, पट्टी, सरोजबाईंचं नाव, सगळं. आता मला स्वतः सांगावंही लागत नाही. ती मुलगी रडली. मी सरोजबाईंची पेटी पुढे ओढली आणि त्याच बोटानं सूर धरला.