मागून धडकणारा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, बायकांना मोटार शिकवायच्या. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. तसाच एक जिभेला बसवून घ्यायला हवा होता, असं माझे यजमान म्हणत. वन्संचा पहिला धडा ठरलेला: मागून धडकला त्याची चूक. पुढची गाडी लाल असो, चकचकीत असो, नाहीतर मध्येच थांबलेली असो.

एकदा वन्सं तापाने पडल्या आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या एका नर्सला दुसऱ्या शिक्षकाच्या गाडीत बसवलं. गिअर दाखवण्याच्या निमित्ताने त्याने नको तिथे हात घातला. मुलीने तक्रार केली, तर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी तिलाच विचारलं, संध्याकाळचीच वेळ का घेतली, लिपस्टिक कशाला, त्याच्या विनोदावर हसली होतीस ना? ती हसली होती. तेवढ्यावरून बिचारीने सगळा दोष पदरात घेतला, शिकणं सोडलं, आणि तक्रारही मागे घेते म्हणून निरोप धाडला.

वन्संना हे कळलं तेव्हा ताप उतरला होता, पारा चढला. सकाळी त्यांनी शिकवणीची गाडी मुंगीच्या पावलांनी नेली आणि मालकांच्या नव्याकोऱ्या लाल गाडीला मागून टेकवली. दिवा फुटला. मालक धावत आले.

"साहेब, इतकी लाल गाडी रस्त्यावर कशाला उभी करायची? माझं मन चळलं."

"अहो, गाडी नुसती उभी होती माझी."

"नुसती उभी होती, की हसत होती?"

अंगणात शिकायला आलेल्या बायका हसू लागल्या. एक मात्र हसली नाही. त्या शिक्षकाने आपल्यालाही हात लावला होता, असं तिने मालकांना तिथेच सांगितलं.

मालकांना सगळं पटलं असं नव्हे. दिव्याची भरपाई त्यांनी वन्संकडूनच घेतली, आणि वन्संनी ती निमूट दिली. चूक मागच्याचीच होती. पण शिक्षकाची चौकशी टाळणं आता मालकांना जमेना.

दुपारी वन्सं शिकवणीची गाडी घेऊन नर्सच्या दारात उभ्या राहिल्या. तिने सगळं ऐकून घेतलं, तरी काटा तिथेच अडकलेला.

"पण मॅडम, मी खरंच हसले होते."

"विनोद चांगला होता?"

"नाही. अगदीच भिकार."

"मग तुझी तेवढीच चूक. चौकशीत सांगून टाक, आणि आता गाडी काढ. मी चालत घरी जाणार नाही."

मुलीने चपला घातल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला.