पाय दाखवायला पायीच

आज दुपारी क्लिनिकमध्ये मी एका पेशंटवर ओरडले. ते डोक्यातून जात नाही, म्हणून या ग्रुपवर तुम्हाला सांगतेय.

मूळ सावंतवाडीकडचे, इथे आखातात काम करणारे एक सुतारकाका. मधुमेह आहे, पायाच्या तळव्याला, बोटाखाली जखम आहे. दिवसाआड माझ्याकडे ड्रेसिंगला येतात. जखम भरायच्या ऐवजी वाढतेय. असंच राहिलं तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टर आज म्हणाले.

मी चिडले. “काका, चालू नका म्हणून किती वेळा सांगितलं?”

“चलल्याशिवाय येऊ कसो? बस बंद झाली नाय? पाय दाखवूक पायानंच येवचा लागता, ताई.” आणि हसले.

त्यांच्याकडून क्लिनिककडे येणारा रस्ता रुंद झाल्यावर त्या वाटेवरची बस बंद झाली. टॅक्सी दिवसाआड परवडत नाही. ते राहतात त्या अहमदी भागातून ते उन्हात पाऊण तास चालत येत होते. आणि त्यांच्या फाइलमध्ये मी लिहिलं होतं, ‘सूचना पाळत नाहीत.’

त्याच रस्त्यामुळे माझी गाडी दहा मिनिटं लवकर पोचते. तेव्हा मी इथेच आनंदाने पोस्ट टाकली होती. सरकारी पैसा गाड्यांसाठी खर्च झाला, बससाठी नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा काहीच वाटलं नाही. ती ओळ खोडली, पट्टी बांधली आणि सवयीने म्हणाले, “परवा या.”

“बरा,” काका म्हणाले आणि चालू लागले.

परवा दुपारी अहमदीकडून क्लिनिककडे कुणी गाडीने येतंय का? काकांना सोबत आणाल?