विनायक सर म्हणजे माझी उषाआत्या

१. माझी आत्या उषा देशमुख रविवारी बरकतपुऱ्यातल्या घरी वारली. हार्ट अटॅक.

२. आपल्या मराठी मंडळाच्या या बुद्धिबळ ग्रुपवर तिच्यासाठी श्रद्धांजली आली. "प्रेमळ, सुगरण उषाताई."

३. याच ग्रुपने नवरात्रात तिला काढून टाकलं होतं.

सुगरण ती नव्हती. तिची आमटी आम्ही नाइलाजाने खायचो.

ती बुद्धिबळ खेळायची.

आधी स्वतःच्या नावाने ऑनलाइन खेळली. एकाने लिहिलं, काकू, नातवाला फोन द्या. दुसऱ्याने स्वतः जिंकत असताना ड्रॉ दिला. बायकांशी काय लढायचं, म्हणाला.

मग मी तिला नवं प्रोफाइल करून दिलं. विनायक देशमुख. फोटो नाही. त्याच नावाने ती या ग्रुपवर आली.

नियमही दिले. स्मायली टाकायची नाही. सॉरी म्हणायचं नाही. जेवलात का, हे विचारायचं नाही.

"म्हणजे उद्धट वागायचं," आत्या म्हणाली. "हौ, जमतंय."

जमलं. तुम्ही सगळे तिला 'सर' म्हणायला लागलात. हरल्यावर तिचा सल्ला घ्यायला लागलात.

ग्रुपच्या यंदाच्या स्पर्धेत ती फायनलला पोचली. समोर नंदकुमारकाका. रोज एक चाल.

सर कधी फोन घेत नाहीत, मंडळाच्या नामपल्लीतल्या कार्यक्रमाला येत नाहीत. काकांना शंका आली, सर बाई तर नाहीत. त्यांनी ग्रुपवर मंडळाच्या देवीच्या ओटीचा फोटो टाकला. नारळाची शेंडी देवीकडे हवी, ती बाहेर ठेवलेली. मुद्दाम, हे नंतर त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

आत्याने लगेच लिहिलं, नारळ फिरवा.

आत्या विधवा. त्या मंडळात ओटी भरायला तिला कधी कुणी बोलावलं नाही. पण तिथली चुकलेली ओटी तिला बघवली नाही.

काकांनी लिहिलं, सर, एक व्हॉइस नोट टाका.

मी म्हटलं, टाकू नकोस, नारळाचं माझ्या बाबांनाही कळतं. त्याने काही सिद्ध होत नाही.

तिने टाकली.

"मी उषा देशमुख. चाल तुमची आहे."

चाल आली नाही. "सर, पदर सांभाळा" आलं. त्याखाली हसणारे चेहरे. मग खोट्या नावाचं कारण देऊन तिला रिमूव्ह केलं आणि काकांना विजेता जाहीर केलं.

त्यानंतर आत्याने पट काढला नाही. परेशान नको होऊ, एवढंच मला म्हणाली.

ती तुमच्यामुळे गेली, असा माझा दावा नाही. त्याला पुरावा नाही.

डावाचा मात्र आहे. मी तो इंजिनवर तपासला. नंदकुमारकाका, तुम्ही काहीही खेळला असतात तरी तिसऱ्या चालीला मात होती. तुम्हाला ती दिसली होती, म्हणूनच तुम्ही नारळ उलटा ठेवलात.

सुगरणवाली पोस्ट काढा. ग्रुपच्या विजेत्यांच्या यादीत यंदाचं नाव बदला: उषा देशमुख.

करणार की नाही, ते मला शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच, सगळ्यांसमोर, लिहून कळवा.