एका मात्रेपायी

मैलापूरच्या आमच्या संगीतसभेत गाणं थांबून मृदंग एकटा वाजायला लागला की माणसं उठतात आणि कँटीनकडे चालू लागतात. तेवढ्यात कॉफी होते, एखादा वडा होतो. मी मागे तंबोरा धरून बसते, त्यामुळे जाणाऱ्यांच्या पाठी मला नीट दिसतात. मृदंगावर कनकवल्ली असली की जरा जास्तच माणसांना भूक लागते. बाईने मृदंग वाजवावा हेच त्यांना पचलेलं नाही, त्यात ही दिवसभर क्षयाच्या जंतूंवर संशोधन करणार.

सभेत तिला लॅबवाली म्हणतात, लॅबमध्ये मैफलवाली. दोन्हीकडे हसतहसत म्हणतात, म्हणजे तिला रागवायचीही सोय नाही.

यंदा मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबरातल्या आमच्या संगीतमहोत्सवाच्या, तोंडावर तिच्या विभागप्रमुखांनी एका आलेखातले दोन आकडे गाळायला सांगितले. त्यांच्या जुन्या शोधनिबंधाशी ते जुळत नव्हते. तिने गाळले नाहीत. तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती, ती दुसऱ्याला गेली. आता आशा उरली ती सभेची. तिने वर्षानुवर्षं दुपारच्या रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवल्यावर सेक्रेटरी पट्टाभिरामन एकदाचे कबूल झाले होते की, या वेळी नीलमेघनला नीट साथ कर, पुढच्या वर्षी तुला संध्याकाळच्या मैफलीत बसवतो.

नीलमेघन गातो चांगला. माणूस म्हणून तो मला कधीच आवडला नाही. मंचावर चढताना शिष्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "डॉक्टरअम्मा, हात धुऊन आलात ना? नाहीतर आम्हालाच खोकला लावाल." शिष्य खिदळले. कनकवल्ली मृदंगाच्या डाव्या पुडीवर भिजवलेला रवा थापत राहिली.

मृदंग एकटा वाजतो तेव्हा गायकाने मांडीवर हाताने ताल धरून बसायचं असतं. नीलमेघनने धरला. तेवढ्यात पहिल्या रांगेत कुणी बडे गृहस्थ येऊन बसले. त्यांना नमस्कार करायला याने हात उचलले आणि पुन्हा ताल धरला तो एक मात्रा उशिरा. माझ्या लक्षात आलं, व्हायोलिनच्या साथीला बसलेल्या शेषाद्रीच्याही आलं. समोरच्या रसिकांचे हात मात्र मुकाट्याने नीलमेघनच्या हातामागे गेले.

अशा वेळी साथीदाराने सांभाळून घ्यायचं. ती एक मात्रा कुठेतरी मुरवायची आणि गायकाचा हात असेल तिथे उतरायचं. आमच्यात सगळे हेच करतात, आणि कनकवल्लीला ते डोळे मिटून जमलं असतं. तिने त्याच्या हाताकडे एकदा पाहिलं. मग नजर काढून घेतली, शेवटचा तुकडा तीनदा वाजवला आणि खऱ्या समेवर आली. शेषाद्रीने तिच्याबरोबर गाण्याचं तोंड धरलं. नीलमेघन मागे राहिला आणि घाईघाईत अर्धा शब्द गिळून गाण्यात शिरला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आत गेल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "लॅबमधल्या लोकांना ताल कुठून कळणार?"

पट्टाभिरामननी तिला बाजूला घेतलं. "त्याचा हात चुकला, मलाही दिसलं गं. पण सांभाळून घ्यायला तुझं काय जात होतं? एका मात्रेपायी संध्याकाळ घालवलीस."

ती पुडीवरचा रवा खरवडत होती. "सर, तिकडे दोन आकडे सांभाळून घेतले असते तर प्रयोगशाळा मिळाली असती. तिकडे नाही म्हणून आले, आणि इथे हो म्हणू?"

त्या मैफलीचं रेकॉर्डिंग आठवडाभर मैलापुरात फोनवरून फिरलं. कँटीनमध्ये वडे खातखात लोकांनी टेबलावर ताल धरून ते ऐकलं, पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. ती बरोबर होती. ती चुकलेली निघाली असती तर पुढच्या मार्गळीत निदान दुपारी तरी तिला बोलावलं असतं.